बेचाळीस तासांची सोबत

एप्रिल २०२५ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाच्या पथकानं लातूर जिल्ह्यातल्या चाकूर तालुक्यातल्या रोहिणा गावात छापा घातला. तिथं मेफेड्रोन हे अंमली द्रव्य बनवण्याचा कारखाना चालू होता. ११.३६ किलो माल सापडला, बाजारभावानं सुमारे १७ कोटींचा. पकडलेल्यांत मुंबई पोलीस दलातला एक कर्मचारीही होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत तुळजापूरचं ड्रग्ज प्रकरण उघडकीला आलं होतं आणि आरोपींच्या यादीत पुजाऱ्यांचीही नावं निघाली होती. असले धंदे मुंबई-पुण्याकडचे, असं धरून चाललेली आमच्याकडची माणसं हबकली. चहाच्या टपरीपासून वकिलांच्या बाररूमपर्यंत कित्येक दिवस हाच विषय होता. चर्चा मात्र सगळी विकणाऱ्यांची झाली. घेणारे कोण होते आणि काय विसरायला घेत होते, हा प्रश्न फारसा कानावर आला नाही.

याच काळात ऑस्ट्रेलियात, सरकारच्या परवानगीनं, काही मोजके मानसोपचारतज्ज्ञ एमडीएमए नावाचं औषध जुन्या मानसिक आघातानं खचलेल्या रुग्णांना देत होते. १ जुलै २०२३ पासून तिथं तशी मुभा आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये एमडीएमए, सायलोसायबिन, एलएसडी यांवर मोठमोठ्या विद्यापीठांतून चाचण्या चालू आहेत. त्यांच्या बातम्या आता लातूरच्या ट्युशन एरियातल्या होस्टेलवरच्या मोबाइलवरही पोहोचतात. त्या वाचून एखाद्या पोरानं 'औषध' शोधायचं ठरवलं, तर महाराष्ट्राच्या गल्लीबोळात त्याला 'एमडी' या नावाखाली मिळेल ते मेफेड्रोन. एमडीएमएचा आणि त्याचा घोटाळा करू नये. मेफेड्रोन हे चटकन सवय लावणारं उत्तेजक आहे. मनाच्या जखमेवर ते उपयोगी पडतं असं कुठल्याही चाचणीनं दाखवलेलं नाही. भारतात फेब्रुवारी २०१५ मध्येच ते अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं.

गोंधळ एवढाच असता तर एक इशारा छापून भागलं असतं. पण मनाला बसलेला मार माणसं आपल्याच हातानं बरा करू पाहतात, ही गोष्ट लातूरला नवी नाही. आमच्या जिल्ह्यानं ती तीन दशकांहून जास्त काळ जवळून पाहिली आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गावं उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसराची जमीन हलली आणि औसा, निलंगा, उमरगा, लोहारा या पट्ट्यातली ५२ गावं भुईसपाट झाली. सरकारी हिशेबात जवळपास आठ हजार माणसं गेली. दुसऱ्या नोंदी साडेनऊ हजारांच्या पुढे जातात. माणसं मारली ती घरांनीच. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडाच्या सरांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं ते छप्पर झोपलेल्या माणसांवर आलं. यातला जिव्हारी लागणारा भाग असा की वर्षभर आधी, १९९२ च्या ऑक्टोबरात, किल्लारीला धक्के बसले होते. लोक तेव्हा भिऊन बाहेर झोपले, मग कंटाळून पुन्हा घरात आले. जे वाचले त्यांच्या मनात पुढं घर करून राहिलं ते हेच: आपण लेकरांना आत का निजवलं?

भूकंपानंतर काही आठवड्यांत दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी एका बाधित गावात घरोघर जाऊन पाहणी केली. ती १९९६ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'त छापून आली. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसांना मानसिक आजार होता. त्यात आघातोत्तर तणाव आणि खोल नैराश्य ही दोन निदानं सगळ्यात जास्त. पुण्याच्या महाराष्ट्र मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकारानं, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीनं, या भागातल्या लोकांच्या मानसिक आरोग्याचं काम पुढं बरीच वर्षं चाललं. सिनेमा-नाटकातले आगाशे सगळ्यांना ठाऊक आहेत, हे काम फार कमी लोकांना ठाऊक आहे. आपत्तीनंतर धान्य, पत्रे, घरं यांच्याइतकीच मनाचीही सोय लावावी लागते, हा विचार या देशात रुजायला ज्या घटना कारणी लागल्या त्यांत भोपाळच्या वायुगळतीच्या जोडीनं किल्लारीचं नाव घ्यावं लागेल.

पण अभ्यास म्हणजे उपचार नव्हे. खेडोपाडी रात्र काढायची होती ती ज्याची त्यालाच. औसा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात एक म्हातारी बाई भेटल्या. नव्या गावातले रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब. जुन्या गल्लीत हाकेला ओ मिळायची, ती इथं मिळत नाही, ही त्यांची पहिली तक्रार. दोन मुलं आणि सासू ढिगाऱ्याखाली गेली होती. नवऱ्याबद्दल त्या म्हणाल्या, "घरात निजतच नव्हते. पावसाळ्यात बी बाज वट्ट्यावर. आत आले की म्हनायचे, भित अंगावर यायलीय. पिऊन आले की मात्र निजायचे. मग मीच पैसे द्यायची, निजू दे म्हनून." नवरा कावीळ होऊन गेला. किती वर्षं झाली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पदरानं ओट्यावरची धूळ झटकत त्या पुन्हा म्हणाल्या, "निजायचे तरी."

दारू सोडवायला निघालेले आपण सगळे या वाक्यापाशी थांबत नाही. आधी मदतीची रक्कम आली, मग गावात दारू वाढली, असं त्या काळात तिथं काम केलेले कार्यकर्ते सांगत आले आहेत. पैसा आला म्हणून दारू आली, हे खरंच. पण धसका होता म्हणून ती टिकली, हेही तितकंच खरं. आघात झालेल्या माणसाचा मेंदू धोका संपल्याची बातमी मानायला तयार नसतो. ट्रक गेला, भांडं पडलं, कुत्री भुंकली की छाती धडधडायला लागते. झोप लागली तर स्वप्नात तीच पहाट. दारू या सगळ्यावर पहिल्या रात्री खरोखर काम करते, म्हणून तर माणूस दुसऱ्या रात्री पितो. तिचा दगा नंतर कळतो. ती स्वप्नांची झोप दाबून टाकते, आणि अंमल उतरला की तीच स्वप्नं दुप्पट जोरानं येतात. मग पहाटे तीनला पुन्हा बाटली.

दारू हा या घरगुती औषधांतला एक प्रकार झाला. गांजा आहे. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी झोपेची गोळी आहे, पोरांच्या तोंडी जिचं नाव 'बटन'. आघातानंतर पहिल्या महिन्यात अशा गोळ्या देऊ नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१३ सालीच सांगितलं, कारण त्या आघात पचू देत नाहीत आणि सवय लावतात. नांदेडच्या देगलूर-बिलोली-धर्माबाद पट्ट्याला लागून असलेल्या तेलंगणात शिंदीचा प्रश्न आहे. तिथल्या शिंदीत क्लोरल हायड्रेट आणि झोपेच्या गोळ्यांची भूल मिसळलेली असते. २०१५ साली तेलंगणा सरकारनं या भेसळीवर कारवाई केली आणि शिंदी अचानक तुटलेली माणसं झटके, भ्रम, बडबड अशा अवस्थेत दवाखान्यांत आली. आपण काय पितोय हे त्यांच्यातल्या कितीकांना ठाऊकच नव्हतं. आणि धोत्रा. महादेवाला वाहायचं हे फळ खाऊन 'काहीतरी दिसतं' म्हणून करून बघणारे अजून आहेत. त्यात दिसतं ते विषबाधेतलं दिसणं. अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लघवी अडते, समोर नसलेल्या माणसाशी माणूस बोलत राहतो, आणि यात जीवही जातो.

या यादीत आता परदेशातल्या बातम्यांनी आणखी एक नाव घातलं आहे. मात्र या नावामागचं विज्ञान खरं आहे, ते थापेबाजी म्हणून उडवून लावता येत नाही.

एलएसडी १९३८ साली स्वित्झर्लंडमधल्या सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमननं तयार केलं. १९४३ मध्ये त्यानं ते स्वतःवर अजमावलं. पन्नास-साठच्या दशकांत डॉक्टर ते दारूच्या व्यसनावर, नैराश्यावर वापरून पाहत होते. मग बंदी आली आणि संशोधन जवळजवळ थांबलं. एमडीएमए सत्तरच्या दशकात काही अमेरिकी थेरपिस्ट गुपचूप वापरत होते. १९८५ साली अमेरिकेनं त्यावर बंदी घातली. त्याच वर्षी भारतानं एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांचा, कायदा केला. पुढं तीस-पस्तीस वर्षांच्या खटपटीनंतर एमडीएमएच्या दोन मोठ्या चाचण्या पार पडल्या. पहिली २०२१ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आली, ९० रुग्णांची. दुसरी २०२३ मध्ये, १०४ रुग्णांची. रुग्ण साधेसुधे नव्हते. युद्धातून परतलेले, बालपणी अत्याचार झालेले, बलात्कार सोसलेले, वर्षानुवर्षं दुसऱ्या औषधांनी बरे न झालेले. पहिल्या चाचणीत एमडीएमए मिळालेल्यांपैकी ६७ टक्के लोकांना उपचार संपल्यावर आघातोत्तर तणावाचं निदान लागू राहिलं नाही. दुसऱ्या चाचणीत हा आकडा ७१ टक्के निघाला. मानसोपचारात असे आकडे क्वचित दिसतात.

बातमीत आकडा येतो, खोली येत नाही. ती खोली आत जाऊन बघावी अशी आहे. पलंग किंवा ऐसपैस कोच, मंद उजेड, फुलं. रुग्णाच्या डोळ्यांवर पट्टी, कानात निवडलेलं संगीत. दोन बाजूंना दोन प्रशिक्षित थेरपिस्ट. औषध दिल्यावर आठ तास ते दोघे तिथून हलत नाहीत. मधूनमधून रक्तदाब, नाडी, ताप बघतात. रुग्ण बोलला तर ऐकतात. तासभर गप्प राहिला तर गप्प बसतात. रडला तर रडू देतात, आधीच परवानगी घेतली असेल तर हात धरतात. रात्री रुग्ण तिथंच राहतो, सोबतीला माणूस असतो. असे आठ-आठ तासांचे दिवस तीन, महिन्या-महिन्याच्या अंतरानं. त्याआधी दीड-दीड तासाच्या तीन बैठका, ओळख आणि तयारीसाठी. प्रत्येक औषधाच्या दिवसानंतर पुन्हा दीड तासाच्या तीन बैठका, म्हणजे एकूण नऊ. त्या दिवशी जे वर आलं ते रोजच्या जगण्यात कुठं बसवायचं, याची बोलणी त्यांत चालतात. बेरीज केली तर एका रुग्णासाठी ४२ तास. तेही दोन माणसांचे.

दुसऱ्या चाचणीतला एक आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि बातम्यांत तो सहसा येत नाही. ज्यांना एमडीएमए न देता नुसती निरुपद्रवी गोळी दिली, पण सोबतीचे ४२ तास तेवढेच दिले, त्यांच्यापैकीही जवळजवळ ४८ टक्के लोकांना शेवटी ते निदान लागू राहिलं नाही. औषधानं फरक पडला, तो मोठा होता, नाकारायचं कारण नाही. पण औषधाविना, केवळ नीट शिकलेल्या माणसांनी दिलेल्या वेळानं, जवळजवळ निम्मे लोक त्या आजाराच्या बाहेर आले. पहिल्या चाचणीत हेच प्रमाण ३२ टक्के होतं.

औषध नेमकं काय करतं, याचीही काही उकल झाली आहे. एमडीएमए मेंदूतली भीतीची घंटा थोडी मंद करतं, त्यामुळे माणूस आठवणीकडे पळून न जाता बघू शकतो. समोरच्या माणसाबद्दल विश्वास वाढतो. ग्यूल डोलेन या मेंदूशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगशाळेनं २०१९ आणि २०२३ मध्ये उंदरांवर दाखवलं की या जातीच्या औषधांनी प्रौढ मेंदूत लहानपणासारखा शिकण्याचा काळ पुन्हा उघडतो आणि अंमल उतरल्यावरही काही दिवस, कधी काही आठवडे, तो उघडा राहतो. हे उंदरांतलं काम आहे, माणसाला जसंच्या तसं लावता येणार नाही. पण ते खरं ठरलं तर अर्थ गंभीर आहे. त्या दिवसांत माणूस कोणाच्या सहवासात आहे, यावर तो काय शिकेल हे ठरेल. प्रेमानं ऐकणारं कोणी असेल तर विश्वास शिकेल. बंद खोलीत एकटा असेल तर एकटेपणच आणखी घट्ट होईल.

स्वतःवर उपचार करणारा नेमका हाच भाग वगळतो. गोळी घेतो, ४२ तास सोडून देतो.

सायलोसायबिनची, म्हणजे विशिष्ट अळंब्यांतल्या द्रव्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या चाचण्या मुख्यतः नैराश्यावर झाल्या. २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आलेल्या २३३ रुग्णांच्या चाचणीत मोठ्या मात्रेनं तीन आठवड्यांत सुधारणा दिसली, पण काही रुग्णांत आत्महत्येचे विचार आणि स्वतःला इजा करण्याचे प्रकारही नोंदले गेले. आणि हे डॉक्टरांच्या नजरेखाली. नजरेखाली नसताना काय होतं, याचा अंदाज जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या २०१६ च्या पाहणीतून येतो. अळंबी खाऊन वाईट अनुभव आलेल्या १,९९३ लोकांनी तिच्यात उत्तरं दिली. ३९ टक्क्यांनी तो आयुष्यातल्या पाच सगळ्यात कठीण अनुभवांत मोजला. ११ टक्क्यांनी स्वतःला किंवा दुसऱ्याला शारीरिक धोक्यात घातलं. ज्यांच्या अनुभवाला वर्ष उलटून गेलं होतं त्यांच्यापैकी ७.६ टक्के लोकांना नंतरही टिकून राहिलेल्या मानसिक त्रासासाठी उपचार घ्यावे लागले. त्याच पाहणीत ८४ टक्के लोक म्हणाले की त्यातूनही आपल्याला काही मिळालं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक सांगून दुसरी लपवणाऱ्यावर तरुण मुलं विश्वास ठेवत नाहीत.

म्हणून धोके मोघमपणे न सांगता नीट सांगतो. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याचा आजार असेल, तर ही द्रव्यं सुप्त आजाराला वर आणू शकतात, म्हणून चाचण्यांत अशा लोकांना घेतच नाहीत. लिथियम चालू असताना एलएसडी किंवा अळंबी घेतल्यास झटके आल्याची उदाहरणं आहेत. नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर एमडीएमए घेतलं तर सेरोटोनिनची विषबाधा होऊन ताप, ताठरपणा, मृत्यूपर्यंत मजल जाते. ते टाळायला म्हणून चालू गोळ्या आपल्या मनानं बंद केल्या तर जुना आजार उसळतो, आणि तो धोका वेगळा. एमडीएमएनं हृदयावर ताण येतो, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात अंग आणखी तापतं. पावसाळ्यात शेणावर उगवणारी अळंबी ओळखता येते असं वाटणाऱ्यानं हेही लक्षात घ्यावं की काही विषारी अळंब्यांची बाधा पहिले काही तास कळत नाही. यकृत निकामी होत असल्याचं तर दोन-तीन दिवसांनी कळतं. आणि केटामाइन. भूल देण्यासाठी वापरलं जाणारं हे औषध, काही ठिकाणी डॉक्टर देखरेखीखाली हट्टी नैराश्यावर देतात. तेच घरी, डॉक्टरांच्या देखरेखीविना घेण्याचा शेवट काय होऊ शकतो हे 'फ्रेंड्स' मालिकेतल्या मॅथ्यू पेरीच्या ऑक्टोबर २०२३ मधल्या मृत्यूनं जगाला दाखवलं.

कायद्याचा धोकाही लहान नाही. एलएसडीची 'व्यापारी मात्रा' आपल्या कायद्यात फक्त ०.१ ग्रॅम आहे आणि व्यापारी मात्रेला किमान दहा वर्षांची शिक्षा. ज्या कागदावर थेंब टाकतात तो कागदही वजनात धरायचा, असं मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं. म्हणजे मित्रांपुरते आणलेले थोडेसे तुकडे विक्रेत्याच्या कलमात नेऊन बसवू शकतात. दुःखावर औषध शोधणाऱ्या पोराला दहा वर्षं तुरुंगात घालणारा कायदा मला न्याय्य वाटत नाही. पण तो आज आहे, आणि त्याची झळ बसते ती पोराच्या आई-बापाला.

परदेशातही सगळं सुरळीत झालेलं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं एमडीएमए उपचाराला मान्यता नाकारली, आणखी एक चाचणी करा म्हणून सांगितलं. गोळी खरी की खोटी हे बहुतेक रुग्णांना कळत होतं, मग तुलना कशी धरायची, हा एक आक्षेप. दुष्परिणामांच्या नोंदी अपुऱ्या, हा दुसरा. त्याच महिन्यात आधीच्या संशोधनाचे तीन निबंध एका नियतकालिकानं मागे घेतले. त्यामागं कॅनडातलं एक जुनं प्रकरण होतं. २०१५ च्या एका चाचणीत दोन थेरपिस्टांनी औषधाच्या अमलाखालच्या रुग्ण बाईंशी मर्यादा सोडून वर्तन केलं होतं, त्याचं चित्रीकरणही होतं. जे औषध विश्वास वाढवतं ते माणसाला तेवढंच उघडं पाडतं. प्रशिक्षण, कॅमेरा, संस्था सगळं असून हे घडलं. मग गोव्यात किंवा हिमाचलात 'आत्मशोधाची' शिबिरं भरवणाऱ्या कोणा अनोळखी गुरूच्या हाती आपली मुलगी त्या अवस्थेत सोपवण्याचा विचारही करवत नाही. बुवाबाजीचे एवढे अनुभव गाठीशी असलेल्या महाराष्ट्राला हे जास्त सांगायला नको.

मग आशा कुठं आहे? माझं मत स्पष्ट आहे. या औषधांवर भारतात, मोठ्या सरकारी संस्थांत, कायद्याच्या परवानगीनं चाचण्या व्हाव्यात. आपल्या लोकांवर, आपल्या भाषेत. पण त्याची वाट बघत बसायचं कारण नाही, कारण त्या ४२ तासांवर कायद्याची बंदी नाही. आघातावर खास बेतलेल्या, औषधाविना चालणाऱ्या बोलण्याच्या उपचारपद्धती आहेत, डोळ्यांच्या हालचालींचा आधार घेणारी ईएमडीआर पद्धत आहे, त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. कमी आहेत ती ते करणारी माणसं. भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही, हिशेबानं ०.७५ येतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजारात अडकलेल्या शंभरातल्या ८६ जणांपर्यंत कसलाच उपचार पोहोचला नव्हता. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दीच्या दिवशी एखाद्याला मिळाली तर काही मिनिटं मिळतात. डॉक्टरांचा दोष नाही, रांगच तशी असते.

पण तास फक्त डॉक्टरच देऊ शकतो, असं नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या 'संगथ' संस्थेनं सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण नीट शिकवलेल्या समुपदेशकांकडून बोलण्याचे उपचार करून बघितले. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. खोल नैराश्य असलेल्यांपैकी समुपदेशन मिळालेले ६४ टक्के लोक तीन महिन्यांत त्यातून बाहेर आले, न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. दारूच्या आजारातही फरक पडला, कमी पण खरा. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. शेतकरी आत्महत्यांचा तो भाग. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नैराश्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि उपचार मागणाऱ्यांचं प्रमाण ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेलं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगणनं ब्राउन शुगरच्या काळापासून हेच केलं. गट, पाठपुरावा, पूर्वी व्यसनी असलेल्यांनीच नव्यांना धरून ठेवणं, बायकांसाठी 'सहचरी'चे मेळावे. आपल्याकडेही २०१५ मध्ये राज्य सरकारनं मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' आणला. आशा ताईंनी घरोघरी विचारपूस करायची, खचलेला माणूस ओळखायचा, पुढं पाठवायचा. कल्पना अगदी बरोबर होती. आशा ताईंच्या डोक्यावर लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं यांचं ओझं तसंच ठेवून वर हे काम दिलं, तर मात्र विचारपूस कागदावरच राहते.

किल्लारीच्या बाबतीतही टिकलेलं काम पाहिलं तर ते सोबतीचंच आहे. भारतीय जैन संघटनेनं शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकारानं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं पुण्याला नेली आणि एकत्र शिकवली, वाढवली. 'स्वयम शिक्षण प्रयोग'नं गावागावांतल्या बायकांना पुनर्बांधणीच्या कामात संवाद सहायक म्हणून उभं केलं. घराचा पाया कसा घ्यायचा हे बोलायला जमलेल्या त्या बायका, बोलता बोलता आणखी कशाकशाबद्दल बोलल्या असतील. पुरुषांसाठी असं काही झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही. त्यांच्यासाठी गुत्ता होता. बायकांनी मग ठिकठिकाणी आडव्या बाटलीसाठी, म्हणजे मतदानानं दारूचं दुकान बंद करण्यासाठी, लढे दिले आणि ते योग्यच होते. पण बाटली आडवी झाल्यावर त्या माणसानं रात्री तीनला काय करायचं, याचं उत्तर मतपेटीत नव्हतं.

हा जुना इतिहास झाला असंही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीतून आवाज यायला लागले आणि लोक पुन्हा रात्री घराबाहेर आले. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली-नांदेडकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात रात्रीतून गावांत पाणी शिरलं आणि माणसं दगावली, सप्टेंबरात साऱ्या मराठवाड्यात पुरानं जमिनी खरवडून नेल्या. पंचनामा पिकाचा होतो, जनावराचा होतो, भिंतीचा होतो. पुराच्या पाण्यात रात्रभर झाडाला धरून बसलेल्या माणसाचा होत नाही. सहा महिन्यांनी तो पिऊ लागला तर आपण त्याला दारुड्या म्हणू.

माझी मागणी साधी आहे. लातूर, नांदेड, धाराशिव या तीन जिल्ह्यांत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात फक्त या कामासाठी पगारी नेमलेला, सहा महिने शिकवलेला एक बाईमाणूस आणि एक बाप्या असावा. त्यांनी कुठलीही गोळी देऊ नये, वेळ द्यावा. पंचनाम्याच्या फॉर्मवर झोपेबद्दलचा एक प्रश्न असावा. आणि दरवर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीच्या स्मृतिस्तंभाला मानवंदना देऊन झाली की अधिकाऱ्यांनी गाडीत बसण्याआधी त्या गावच्या म्हाताऱ्यांना एवढंच विचारावं, झोप लागते का?

ज्यांनी अशी द्रव्यं घेतली आहेत किंवा घेण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी: घाबरगुंडी उडाली, भ्रम झाला, अंग तापलं, झटका आला तर लपवू नका, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगा, त्यावर जीव अवलंबून असतो. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार, ठरावीक अपवाद वगळता, तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. व्यसनी माणूस लहान मात्रेसह सापडला आणि स्वतःहून उपचाराला गेला आणि त्यानं उपचार पूर्ण केला, तर एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देतं. रात्री तीनला बोलायला कोणी नसेल तर टेलिमानसचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं.